कापरेकर मास्तर आणि ६१७४: ऐकीव काय, खरं काय

गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्याबद्दल दोन उलट टोकांचे समज आहेत. कुणी त्यांना विद्यापीठातले प्राध्यापक समजतं, तर कुणी शिक्षणाविना चमकलेला अवलिया. दोन्ही चूक. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर ठाण्याच्या शाळेत आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र झालं नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. शिकवणं सांभाळूनच संशोधन चालायचं, आणि हीच त्यांची खरी थोरवी.

त्यांच्या ६१७४ या संख्येबद्दल ‘कोणतीही संख्या घ्या, शेवटी ६१७४ येतेच’ हेही सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. संख्या चार अंकी हवी आणि चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेऊ: ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. शून्य गाळायचं नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत मुक्काम गाठतो. तीन अंकांचा मुक्काम ४९५ आहे. दोन अंकांना मुक्कामच नाही, ते ९, ८१, ६३, २७, ४५ असे फिरत राहतात. यात चमत्कार नाही. चार अंकी संख्या मोजक्याच असल्याने ही वजाबाकी कुठेतरी थांबणार किंवा गोल फिरणार हे ठरलेलंच असतं. नवल एवढंच, की इथे सगळ्या वाटा एकाच संख्येपाशी येतात.

अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांना शोधून काढलं, असंही म्हणतात. मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या त्यांच्या सदराने कापरेकरांना जगभर कीर्ती मिळवून दिली, हे खरं. पण ६१७४ चा गुणधर्म कापरेकरांनी १९४९ मध्येच मद्रासच्या गणित परिषदेत मांडला होता आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात तो छापूनही आला होता.

शिवाय त्यांचं काम त्या एका संख्येपुरतं नव्हतं. १५ या संख्येत तिचेच अंक मिळवले की २१ होतात. २० मात्र अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून मिळत नाही. अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ पुन्हा ४५. ही झाली कापरेकर संख्या. गणिताच्या शिक्षकांनी एखाद्या तासाला मुलांना २९७ चा वर्ग करायला सांगावा आणि त्यातल्या ८८ व २०९ यांची बेरीज त्यांनाच करू द्यावी.