आठाने गुणलं आणि उत्तर उणे आलं

१ ते ७ या संख्यांचा गुणाकार ५,०४०. टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर हे उत्तर बरोबर येतं. त्याला आणखी ८ ने गुणलं की ४०,३२० यायला हवं. येतं उणे २५,२१६. विद्यार्थिनी प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासत बसते. चूक तिच्या तर्कात नसतेच. टर्बो साध्या पूर्णांकाला १६ बिट देतो. त्यांत ६५,५३६ आकडे मावतात, निम्मे ऋण बाजूचे. ३२,७६७ ओलांडलं की मोजणी उणे ३२,७६८ पासून पुन्हा सुरू होते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या कित्येकांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख या निळ्या पडद्यानेच झाली. बोरलँड कंपनीने टर्बो १९९० मध्ये आणला. सी प्लस प्लस या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक आलं त्यानंतर, १९९८ मध्ये. आजच्या संगणकावर टर्बो चालवायचा तर जुन्या डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स लागतो. तरीही शिक्षकांना तो सोडवत नाही, हे मला मनापासून पटतं. लिहायचं, कंट्रोल-एफ९ दाबायचं, उत्तर समोर. नवख्याला एवढंच हवं असतं.

ही सोय आणि आजची भाषा, दोन्ही हवं असेल तर मी थॉनी सुचवेन. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर. पायथॉन ही भाषा त्याच्यासोबतच येते, वेगळं काही बसवावं लागत नाही. प्रोग्रॅम एकेक पायरीने चालवला की आकडेमोड जागच्या जागी उलगडत जाते आणि बाजूच्या तक्त्यात चलांच्या किमती बदलताना दिसतात. फळ्यावर खडूने आपण जे करतो, तेच. शिवाय पायथॉन ३ मध्ये चलाचं नाव देवनागरीत चालतं. ‘गुणाकार’ असं नाव दिलेला चल कशासाठी आहे, हे मराठी माध्यमातल्या मुलाला समजवावं लागत नाही.

त्याहून लहानांसाठी ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं, एमआयटीचं २००७ पासूनचं स्क्रॅच आहेच. आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय पुस्तकांनीही तेच वापरलं.

बारावीला सी प्लस प्लस लागलंच, तर नवा कंपायलर असलेलं कोडब्लॉक्स घ्यावं. तिथे पूर्णांक ३२ बिटांचा असतो, म्हणून १२ पर्यंतचा गुणाकार बरोबर येतो. १३ ला मात्र १,९३,२०,५३,५०४ दिसतं. उणे नाही, म्हणून खरंच वाटतं. तेव्हा शेजारी थॉनी उघडून तोच गुणाकार करायला सांगावा. पायथॉनच्या पूर्णांकाला बिटांची अशी मर्यादा नाही, म्हणून खरं उत्तर दिसतं: ६,२२,७०,२०,८००.