एक ठसा, अठरा लाख पणत्या

एकच वस्तू नकाशावर शंभर ठिकाणी ठेवायची वेळ आली की मुरलेला ड्राफ्ट्समन माऊस सोडतो आणि ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरला स्क्रिप्ट, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञा, देतो. ही विद्या समजून घ्यायला उज्जैनसारखं गाव नाही!

१८,८२,२२९ पणत्या. १८ फेब्रुवारी २०२३, महाशिवरात्र. क्षिप्रेच्या घाटांवर एवढ्या पणत्या लागल्या आणि गिनीज विक्रम झाला. नकाशावर सेकंदाला एक पणती ठेवायची म्हटली तर जवळपास २२ दिवस लागतील, तेही डोळ्याला डोळा न लावता. ऑटोकॅडच्या ऑटोलिस्प या भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टला मात्र दोनच लूप पुरतात: एक रांग भरतो, दुसरा पुढच्या रांगेत नेतो. १३७२ रांगांत प्रत्येकी १३७२ मांडा. अख्ख्या चौकोनात फक्त १५५ जागा रिकाम्या राहतील.

ठसा तोच, थान मोठं. उज्जैनच्या भेरूगढचे छपाई कारागीर लाकडी ठसा कापडावर उठवत जातात. कॅडमधल्या ठशाचं नावही ‘ब्लॉक’च! आकृती फाइलमध्ये एकदाच साठते, बाकी प्रती फक्त जागा, माप आणि कोन लक्षात ठेवतात. लाकडी ठसा बदलून छापलेलं कापड बदलत नाही. इथे मूळ ब्लॉक बदलला की सगळ्या प्रती बदलतात. ही करामत आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’ या संगणकावर चित्र काढायच्या प्रोग्रॅमने १९६३ मध्येच दाखवली होती.

जेजुरीची आठवण. उज्जैनच्या हरसिद्धी मंदिरापुढच्या दोन मराठा धाटणीच्या दीपमाळा पाहिल्या की आपल्याकडचा माणूस थबकतोच. दोन्हींवर मिळून १०११ दिवे, असं सांगतात. कॅडमध्ये एक दिवा काढा, ‘पोलर अ‍ॅरे’ने वर्तुळात फिरवा. मग स्क्रिप्ट प्रत्येक थराला उंची वाढवते, घेर कमी करते.

१०८ खांबांचा चकवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये खुल्या झालेल्या उज्जैनच्या ‘महाकाल लोक’ या मंदिर परिसरात १०८ स्तंभ आहेत. असे १०८ खांब एका सरळ रेषेत मांडायचे, तर मधली अंतरं किती? १०७! ऑटोकॅडच्या ‘डिव्हाइड’ या आज्ञेला १०७ भाग सांगितले तर ती १०६ खांबच ठेवते, दोन्ही टोकं मोकळी. ती आपण भरायची. वर्तुळात मात्र १०८ ला १०८.

मोकळी जागा महाग. ऑटोकॅडच्या साध्या, नुसत्या आज्ञांच्या स्क्रिप्ट फाइलमध्ये रिकामी जागा म्हणजे ‘एंटर’. चुकून एक जास्त पडली की आधीचीच आज्ञा पुन्हा सुरू होऊ शकते.

चुंबकाची खोडी. जवळचा बिंदू चुंबकासारखा पकडणारी ‘ओस्नॅप’ ही सोय चालू असेल तर ऑटोलिस्पने ठेवलेला ब्लॉक शेजारच्या रेषेच्या टोकाला जाऊन चिकटू शकतो. जाणकार आधी ओस्नॅप बंद करतात, काम संपलं की पूर्ववत करतात.

वयाने मोठी लिस्प. ऑटोकॅड १९८२ चं. त्याच्या ऑटोलिस्पची आई, लिस्प, १९५८ ची!

आधी शून्य. भारतीय ज्योतिषगणिताची शून्य रेखा उज्जैनवरून जायची. मध्यरेषा आधी ठरायची, मग बाकीच्या गावांचं गणित. ब्लॉक ज्या बिंदूला धरून ठेवला जातो, तो बेस पॉइंटही तसाच. तो वीतभर चुकला, तर अठरा लाख पणत्या वीतभर सरकतील, आणि घाटाच्या कडेची अख्खी रांग क्षिप्रेत!