पिवळ्या दिव्याची साक्ष

मोटारीच्या डॅशबोर्डवर ‘एबीएस’ ही अक्षरे पिवळ्या रंगात उजळली आणि शेजारी घसरत्या गाडीचे चित्रही पेटले, की चालकांचे दोन पंथ पडतात. एक पंथ ब्रेक निकामी झाले असे समजून धास्तावतो. दुसरा ‘गाडी तर थांबते आहे’ असे म्हणत महिनोन्‌महिने दिव्याकडे काणाडोळा करतो. दोघांचेही चुकते. हा दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेतले तर नाहक खर्च टळतो आणि खरा धोकाही वेळीच ओळखता येतो.

जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम झाले, की टायर रस्त्यावर नुसता घासत जातो आणि गाडी स्टीअरिंगला जुमानत नाही. फिरत्या चाकालाच दिशा देता येते, हे या यंत्रणेमागचे साधे तत्त्व. डनलॉपने १९५०च्या दशकात विमानांसाठी ‘मॅक्सरेट’ ही यांत्रिक योजना आणली. १९६६ मध्ये ती जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत आली. बॉशची इलेक्ट्रॉनिक रचना १९७८ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लासमध्ये मिळू लागली. भारतात नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९पासून सक्तीचे झाले.

आजच्या गाडीत प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणारे दातेरी कडे, किंवा बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली चुंबकीय पट्टी, त्याच्यासमोरून जाते आणि विजेचे स्पंद उमटतात. नियंत्रक संगणक चारही चाकांचे स्पंद ताडून पाहतो. ब्रेक दाबताना एखादे चाक एकाएकी मंदावले, तर त्याच्यावरचा दाब सोडतो आणि पुन्हा देतो, तेही सेकंदात अनेक वेळा. ट्रॅक्शन कंट्रोलचे काम याच्या उलट. वेग घेताना चाक जागच्या जागी भरारा फिरू लागले, तर ते इंजिनचा जोर आवरते किंवा त्या चाकाला ब्रेक लावते. दोन्ही यंत्रणांना खबर देणारे सेन्सर मात्र तेच. म्हणून एक सेन्सर मुका झाला तरी दोन्ही दिवे लागतात. दिवे दोन असले म्हणून बिघाड दोन असतातच असे नाही.

पिवळा दिवा सतत जळत असेल, तर यंत्रणेने स्वतःला बाजूला केले आहे, एवढाच त्याचा अर्थ. साधे ब्रेक चालू असतात. पण पावसाळी घाटात एकदम ब्रेक दाबावा लागला, तर चाके जाम होऊ शकतात. ट्रॅक्शनचा दिवा चालताना क्षणभर लुकलुकला, तर ती यंत्रणा काम करत आहे. पण सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर गोष्ट गंभीर आहे. आधी हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. दोन्ही ठीक असूनही लाल दिवा विझत नसेल, तर पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटून देणारी व्यवस्थाही थांबलेली असू शकते. अशा वेळी मागची चाके आधी जाम होऊन गाडी गरकन फिरण्याची भीती असते. ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, उचलून न्यावी.

निदानाला स्कॅनर लागतो, आणि तोही एबीएसच्या संगणकाशी बोलू शकणारा. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात. ‘पुढचे डावे चाक, सेन्सर सर्किट’ असा कोड आला, की सेन्सर बदलण्याची घाई होते. पण कोड जागा दाखवतो, गुन्हेगार नव्हे. त्या सर्किटमध्ये सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर आणि कडे असे सारेच येते. समजा, बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला. चुंबकीय पट्टीची बाजू बेअरिंग बसवताना उलटी गेली असेल, तर नवा सेन्सरही मुकाच राहणार. म्हणून आधी चाक काढून वायर कुठे घासली आहे का, कनेक्टरमध्ये पाणी वा गंज आहे का, हे पाहावे. मग सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी संथ चालवून, दुसऱ्या माणसाने स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहावेत. तीन आकडे सारखे आणि चौथा शून्य, किंवा मध्येच गळणारा, असेल तर तपासाचे चाक ठरले.

एक बिघाड असाही आहे, की ज्यात दिवा लागेलच असे नाही. सिग्नलपाशी गाडी हळू थांबवताना, अगदी शेवटच्या क्षणी पेडल पायाखाली थरथरते आणि गाडी थोडी पुढे सरकते. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा स्पंद वेग कमी झाला की क्षीण होतो. त्यात गंजाच्या थराने सेन्सर वर उचलला गेला असेल किंवा कडे तडकले असेल, तर थांबण्याआधीच स्पंद हरवतो. संगणकाला चाक जाम झाल्यासारखे वाटते आणि तो दाब सोडतो. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांत गंजाची ही शक्यता आधी तपासावी. अनेकदा बैठक साफ करून सेन्सर नीट बसवणे पुरते. कडे तडकले असेल तर मात्र ते बदलावेच लागते.

बॅटरीचा दाब कमी असणे, किंवा चार चाकांना वेगवेगळ्या मापांचे टायर असणे, यांनीही हेच दिवे लागू शकतात. ही साधी कारणे बाद झाल्यावरच महागड्या एबीएस युनिटकडे वळावे. दुरुस्तीनंतर काही गाड्यांत दिवा लगेच विझत नाही. गाडी थोडी चालवल्यावर, सेन्सरची खात्री पटली की तो विझतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर या दिव्याची साक्ष उलट बाजूनेही घ्यावी. स्विच ऑन केल्यावर हा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर सारे आलबेल आहे असे समजू नये. त्याचे तोंड कोणी बंद केले आहे का, ते तपासून मगच व्यवहाराचे बोलावे.