विश्लेषण : लायटरसारखी ठिणगी पाडणारी बंदूक! ‘व्हीललॉक’ बनवणे इतके अवघड का होते?

सिगारेटच्या लायटरचे खरबरीत चाक अंगठ्याने फिरवले की ते दगडावर घासते आणि ठिणगी पडते. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपातील कारागिरांनी हीच युक्ती बंदुकीत बसवली होती. फरक एवढाच, की तिथे चाक फिरवायला अंगठा नव्हे, तर ताणलेली स्प्रिंग होती. ‘व्हीललॉक’ नावाच्या या यंत्रणेमुळे बंदुकीची जळत्या वातीपासून सुटका झाली. ती घोड्यावर गेली, अंगरख्यात लपली आणि सम्राटाला तिच्यावर बंदी घालावी लागली. तरीही ती सामान्य सैनिकाच्या हाती फारशी कधी पोहोचली नाही. त्याचे कारण तिच्या बनावटीतच आहे.

त्याआधी बंदूक कशी उडत असे?

तोड्याच्या बंदुकीत सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी, म्हणजे तोडा, सतत धुमसत ठेवावा लागे. चाप ओढला की तोड्याचे जळते टोक रंजकेवर, म्हणजे नळीबाहेरच्या वाटीतील चिमूटभर बारीक दारूवर टेकायचे. यंत्रणा साधी, स्वस्त आणि गावच्या लोहारालाही दुरुस्त करता येईल अशी. पण पावसात तोडा विझायचा, रात्री त्याचा निखारा शत्रूला दिसायचा आणि घोडेस्वाराला लगाम, बंदूक आणि पेटता तोडा असे सगळे दोन हातांत सांभाळणे जड जायचे. खिशात लपवण्याचा तर प्रश्नच नव्हता.

व्हीललॉक नेमके कसे चालते?

यंत्रणेच्या मध्यभागी पोलादी चाक असते. त्याच्या कडेवर बारीक खाचा पाडलेल्या असतात. चाकाच्या आसाला छोटी, बहुधा तीन कड्यांची साखळी जोडलेली असते आणि साखळीचे दुसरे टोक एका जबर स्प्रिंगला. चावीने आस सुमारे पाऊण वेढा फिरवला की साखळी त्याच्यावर गुंडाळली जाते, स्प्रिंग ताणली जाते आणि एक अडणी चाकाच्या छिद्रात जाऊन त्याला धरून ठेवते. मग पायराइटचा तुकडा पकडलेला घोडा वाटीच्या झाकणावर टेकवायचा. ‘मूर्खांचे सोने’ म्हणतात ते हेच खनिज.

चाप ओढला की अडणी सुटते, चाक गर्रकन फिरते, त्याच क्षणी वाटीचे झाकण आपोआप सरकते आणि पायराइट चाकावर घासू लागते. ठिणग्यांनी रंजक पेटते आणि आग बारीक छिद्रातून नळीतल्या दारूपर्यंत पोहोचते. हे सगळे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच घडते.

मग अडचण कुठे होती?

सर्वात अवघड काम वाटीपाशी. चाकाची वरची कड वाटीच्या तळातील फटीतून डोके वर काढते. म्हणजे वाटीचा तळ काही अंशी फिरते चाकच असते. फट जरा मोठी राहिली तर बारीक रंजक गळून आतल्या यंत्रात जाते. फार घट्ट झाली तर चाक अडते आणि बार उडतच नाही. आज कारखान्यात लेथवर जे मोजून होते, ते तेव्हा कानशीने घासून, बसवून, काढून, पुन्हा घासून साधावे लागे.

चाक कठीण हवे, पण ठिसूळ नको. स्प्रिंग ताकदवान हवी, पण मोडणारी नको. पोलादाला पाणी देण्यात चूक झाली की आठवड्यांची मेहनत वाया. साखळीची लांबी चुकली तर चाक पुरते फिरत नाही, आस किंचित तिरका बसला तर चाक वाटीच्या एका कडेला घासते. असे तीसहून अधिक सुटे भाग एकमेकांशी जुळवायचे आणि तेही एकाच बंदुकीपुरते, कारण एका बंदुकीचा भाग दुसरीला बसेलच याची खात्री नसे.

पायराइटऐवजी गारगोटी का वापरत नव्हते, असा प्रश्न पडू शकतो. गारगोटी टणक असल्याने चाकाच्या खाचाच झिजवून टाकते. पायराइट मऊ, म्हणून चाक वाचते. मात्र त्याचा भुगा खाचांत साचतो आणि चाक वरचेवर साफ करावे लागते. शिवाय चावी हरवली की बंदुकीची काठी होते!

म्हणूनच या कामात घड्याळजी दिसतात. सम्राट पाचव्या चार्ल्ससाठी १५४०च्या दशकात दुनळी पिस्तूल बनवणारा म्युनिकचा पीटर पेक हा घड्याळेही बनवत असे. ते पिस्तूल आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

शोध कोणाचा?

लिओनार्दो दा विंचीच्या ‘कोडेक्स अटलांटिकस’मध्ये अशा यंत्रणेची रेखाटने आहेत, तर १५०५च्या न्यूरेंबर्गच्या एका हस्तलिखितात चाकाने ठिणगी पाडणारे साधन दिसते. इटली की जर्मनी, हा वाद सुटलेला नाही.

बंदी का आली?

जर्मनीतील ऑग्सबर्ग शहराच्या बखरीत १५१५ची एक नोंद आहे. लाउक्स फिस्टर नावाचा तिथला तरुण कॉन्स्टान्स शहरात एका वेश्येसोबत खोलीत असताना, चाप दाबताच स्वतःच पेट घेणारी भरलेली बंदूक हाताळत बसला. बार उडाला. गोळी त्या स्त्रीच्या हनुवटीतून शिरून मानेतून बाहेर पडली. ती जगली. फिस्टरला तिला ४० फ्लोरिन आणि शिवाय तहहयात दरसाल २० फ्लोरिन द्यावे लागले, वैद्याचा खर्च वेगळा. तिचे नाव मात्र बखरकाराने लिहिलेले नाही.

तोडा धुमसत असता तर बंदूक उडू शकते हे खोलीतल्या दोघांनाही दिसले असते. व्हीललॉकचा धोका दिसत नव्हता, आणि सत्ताधाऱ्यांना भीती त्याचीच होती. सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनने १५१७-१८मध्ये ‘स्वतः पेटणाऱ्या’ बंदुकांवर बंदी घातली. ती फारशी टिकली नाही. १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्ट येथे नेदरलँड्सचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची हत्या बाल्थाझार जेरार्डने अशाच पिस्तुलाने केली. प्रिन्सेनहोफ वाड्याच्या भिंतीत गोळ्यांच्या खुणा आजही दाखवल्या जातात.

भारतात ही बंदूक आली का?

‘आईन-ए-अकबरी’मध्ये अबुल फझलने तोड्याशिवाय, घोडा किंचित हलवताच उडणाऱ्या बंदुकांचा उल्लेख केला आहे. ही व्हीललॉक असावी, असे काही इतिहासकारांचे मत आहे. पण ती इथे रुजली नाही. मुघल काय किंवा मराठे काय, तोड्याची बंदूकच पुढे दीर्घकाळ चालली. युरोपातही पायदळाकडे तोड्याचीच बंदूक राहिली. व्हीललॉक जर्मन घोडदळाच्या पिस्तुलांत आणि राजेरजवाड्यांच्या शिकारी बंदुकांत दिसे. सतराव्या शतकात गारगोटीच्या स्वस्त आणि सोप्या बंदुकीने तिची जागा घेतली.

आज ती कोण बनवते?

युरोप-अमेरिकेत काही हौशी कारागीर आणि संग्रहालयांतील दुरुस्तीतज्ज्ञ. जुने नग त्यांच्याकडे येतात तेव्हा बहुधा साखळी तुटलेली, स्प्रिंग गेलेली किंवा चाक गंजून वाटीत अडकलेले असते. नवा भाग जुन्या मापावर पुन्हा हातानेच जुळवावा लागतो. भारतात असे चालते हत्यार बनवायचे तर शस्त्र कायदा, १९५९नुसार परवाना लागतो.