तारपकरी वाजवतो ते नाचणाऱ्यांच्या पायाकडे बघून

हळवं भात खळ्यावर आलं, की डहाणू, जव्हार, विक्रमगड, मोखाडा भागातल्या पाड्यांवर संध्याकाळी तारप्याचा घुमारा ऐकू येतो. पावसाळाभर छपराला टांगून ठेवलेलं वाद्य खाली उतरतं आणि थंडीच्या दिवसांत वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकर वस्त्यांवर रात्र-रात्र नाच चालतो. वारली चित्रांतला वळसे घेणारा नाच शाळा-पंचायतीच्या भिंतीवर आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे. त्या वळशाच्या मधोमध फुंकणारा जो माणूस काढलेला असतो, तो तारपकरी. आजचा विषय त्याचाच.

तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा. त्यात मेणाने घट्ट बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या असतात, नळ्यांत जिभल्या, आणि खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. फुंकायचं भोपळ्याच्या बाजूने, बोटं नळीच्या भोकांवर. ऐकायला सोपं वाटतं. पण वाजवणाऱ्याला मधे श्वास घ्यायला थांबता येत नाही. गालात हवा धरून ठेवायची, ती भोपळ्यात सोडता सोडता नाकाने नवी ओढायची. सूर तुटला तर पाय तुटतात. हे साधायला बऱ्याच जणांची काही वर्षं जातात, आणि सुरुवातीला गाल इतके दुखतात की पोरं दोन दिवसांत पळतात!

खरी गंमत पुढेच आहे. नाचणारे बाया-बापे एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात, तारपकऱ्याभोवती फिरतात. त्याच्याकडे पाठ कोणी करत नाही. साखळीच्या पुढे एक जण घुंगरांची काठी आपटत ताल धरतो. तारपकऱ्याने चाल बदलली की पावलं बदलतात. कधी झुकून, कधी उडी घेऊन, कधी उलटं वळून. कोणती चाल किती वेळ ठेवायची, हे ठरवतो तारपकरी, आणि ते तो पायाकडे बघून ठरवतो. म्हातारी माणसं साखळीत असली की जरा सबुरीने, पोरं तापली की चढवून. दमलेली साखळी त्याला दिसते.

पेन ड्राईव्हला ती दिसत नाही. हल्ली हळदीला, लग्नाला डीजे येतो, गाणं संपलं की नाच संपला. कीबोर्डवर तारप्याचा सूर काढून वाजवणारी मंडळीही गावोगाव तयार झाली आहेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही. तीही समोर बसून वाजवतात, नाचणाऱ्यांकडे बघतात, आणि त्यांच्यामुळे जुन्या चाली नव्या पोरांच्या कानावर तरी राहतात. फक्त तालाचं बटण एकदा लावलं की ठेका एकाच गतीने पळतो आणि माणसं त्याच्या मागे धावतात. तारप्यात उलटं आहे.

२०२६ सालच्या पद्मश्रीच्या यादीत जव्हार तालुक्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव आलं. आनंदाची गोष्ट. पण सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक सांगणं आहे. ९ ऑगस्टच्या कार्यक्रमाला तारपा बोलावला की तो कमानीखाली पाहुण्यांच्या स्वागताला उभा करतात, दहा मिनिटांत आटोपतात. नाचणारेच नसतील तर तारपकऱ्याने कोणाकडे बघून वाजवायचं? त्याला मैदान द्या, तासभर द्या, तेवढा वेळ डीजे बंद ठेवा. मानधन काठीवाल्यालाही द्या. १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. शिकणाऱ्या चार पोरांसाठी ठराव करायला अडचण नसावी.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. तारप्याला भोपळा शेतातूनच येतो, आणि बाजारच्या संकरित दुधीचा त्याला उपयोग नाही. ती फळं कोवळी तोडायची, पातळ सालीची. तारप्याला जाड कवचाचं, पोटाला फुगीर, मानेला सरळ फळ लागतं. ते देणारे जुने वेल पाड्यावर एखाद-दुसऱ्याच परसात उरले असतील, तर बी आत्ताच धरून ठेवा.

पहिल्या पावसात कुडाजवळ किंवा मांडवाखाली आळं करून बी टोका. वेल मांडवावर किंवा छपरावर चढवा; जमिनीवर टेकलेलं फळ एका बाजूने चपटं होतं, सडतंही. लाल भुंगेरे सकाळी हाताने वेचा. फळमाशीने डंख केलेलं फळ वाकडं वाढतं, ते तोडून खोल पुरा. वेलावर दोन-तीनच चांगली फळं ठेवा आणि वेल वाळेपर्यंत तोडू नका. नख रुतेनासं झालं, हलवल्यावर बी वाजलं, की फळ उतरवून सावलीत वाळवा.

या जुन्या वेलांची फळं पुष्कळदा कडू असतात. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री पाखरं एका वेलावरून दुसऱ्यावर परागकण नेतात. जवळच खाण्याचा दुधी असेल तर त्या फळात लगेच फरक पडत नाही, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर फळ कडू निघू शकतं. कडू दुधी खाऊ नका, रस तर मुळीच पिऊ नका, विषबाधा होते. बियाण्यासाठी उमलायच्या बेतातली मादी कळी आणि नर कळी दुपारीच दोऱ्याने बांधून ठेवा, संध्याकाळी सोडून हाताने पराग लावा आणि मादी फूल पुन्हा बांधा. त्या फळाच्या देठाला रंगीत चिंधी बांधली की घरातलं कोणी चुकून भाजीला तोडणार नाही.