प्रतिकृती आणि बनावट : कोल्ट 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरच्या निमित्ताने

मराठीत 'प्रतिकृती', 'नक्कल' आणि 'बनावट' हे शब्द बोलण्याच्या ओघात एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. जुन्या लष्करी शस्त्रांच्या संग्रहात मात्र त्यांच्यातील सीमारेषा काटेकोरपणे पाळावी लागते. कारण तीच वस्तू एकाच्या हाती प्रतिकृती असते आणि दुसऱ्याच्या हाती जाताच बनावट ठरते. अमेरिकेतील कोल्ट कंपनीचे १८५१ चे 'नेव्ही' रिव्हॉल्व्हर आणि इटलीत तयार झालेल्या त्याच्या प्रतिकृती हे या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण होय.

मूळ शस्त्र ०.३६ इंच मापाचे, सहा बारांचे. त्यात तयार काडतूस भरता येत नसे. फिरत्या नळकांड्यातील प्रत्येक कोठीत समोरून दारू व शिशाची गोळी ठासावी लागे आणि मागील टोकावर स्फोटक टोपी बसवावी लागे. टेक्सासच्या आरमाराने १८४३ मध्ये कांपेचे येथे मेक्सिकोच्या आरमाराशी दिलेल्या लढाईचे, ऑर्म्सबी या कोरक्याने तयार केलेले दृश्य या नळकांड्यावर उठवलेले असे. हार्टफर्डच्या कारखान्यात १८७३ पर्यंत सुमारे २ लाख १५ हजार, तर लंडनच्या कारखान्यात सुमारे ४२ हजार नग तयार झाले.

या शस्त्राची नक्कल त्याच्या हयातीतच सुरू झाली होती. यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेकडील राज्यांना कोल्टची शस्त्रे मिळेनाशी झाली आणि लोखंड-पोलादाचाही तुटवडा पडला. जॉर्जियातील ग्रिसवोल्ड आणि गनिसन यांच्या कारखान्याने मग पितळी धातूची चौकट वापरून साडेतीन हजारांहून अधिक रिव्हॉल्व्हर घडवले. त्यांच्या कामगारांत गुलामही होते. नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या फौजांनी हा कारखाना जाळला. गरजेपोटी झालेली ही नक्कल आज कोल्टच्या सामान्य मूळ नगापेक्षाही दुर्मीळ आहे.

आधुनिक प्रतिकृतींची प्रेरणा वेगळी होती. यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये सुरू होणार होती. युद्धप्रसंगांची पुनर्निर्मिती करणारी आणि जुन्या पद्धतीने नेमबाजी करणारी मंडळे अमेरिकेत वाढत होती, पण शंभर वर्षांची मूळ शस्त्रे वापरून झिजवणे कोणालाही परवडणारे नव्हते. नेव्ही आर्म्स या कंपनीचे संस्थापक व्हॅल फॉर्जेट यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील ब्रेशाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावाकडे मोर्चा वळवला. बंदुका घडवण्याची शतकांची परंपरा असलेल्या या खोऱ्यात अल्दो उबेर्ती यांनी १९५९ मध्ये आपला उद्योग उभारला. पुढे १९६८ च्या अमेरिकी संघीय कायद्याने, तयार काडतूस न वापरणाऱ्या अशा प्रतिकृतींना 'अग्निशस्त्रा'च्या व्याख्येतून वगळले. राज्यांचे नियम निरनिराळे असले, तरी या तरतुदीने बाजारपेठेला मोठे बळ मिळाले.

हौशी ग्राहकाला मात्र इतिहासापेक्षा रुबाब अधिक प्रिय असतो. त्यामुळे '१८५१ नेव्ही' या नावाखाली पितळी चौकटीची आणि ०.४४ इंच मापाची रिव्हॉल्व्हर आजही विकली जातात. कोल्टने हे रिव्हॉल्व्हर या मापात कधीही बनवले नव्हते. त्याची चौकटही पितळी नव्हती, पितळ असे ते मुठीच्या पट्ट्यांना आणि घोड्याच्या कमानीला. चित्रपटांनी या गोंधळात भरच घातली. सेर्जिओ लिओने यांच्या १९६६ च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' मधील नायक यादवी युद्धाच्या काळात काडतुसावर चालणारे 'नेव्ही' वापरतो. वास्तविक, आरपार छिद्राच्या नळकांड्याचे पेटंट १८६९ पर्यंत प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती असल्याने कोल्टला तसे रूपांतर करताच येत नव्हते. पडद्यावरील चूक पाहणाऱ्याच्या मनात ऐतिहासिक सत्य म्हणून रुजते, आणि त्या चुकीबरहुकूम शस्त्र घडवून देणाराही भेटतो.

याहून गंभीर प्रश्न लबाडीचा आहे. प्रतिकृतीवरील उत्पादकाचे नाव कानशीने घासून काढायचे, आम्लाने गंज चढवायचा आणि तिला दक्षिणेच्या सैन्यातील दुर्मीळ शस्त्र म्हणून विकायचे, हा उद्योग जुनाच आहे. यात केवळ खरेदीदार फसत नाही; असा नग नोंदींत आणि छायाचित्रांत शिरला, की पुढील अभ्यासक त्यालाच पुरावा मानून मापे घेतात. जाणकार म्हणून प्रथम स्क्रू तपासतात, कारण इटालियन नगाचे आटे बहुधा मेट्रिक मापाचे असतात. त्यानंतर ते गार्दोने येथील सरकारी चाचणीगृहाचे शिक्के शोधतात. या शिक्क्यांबरोबर वर्षाचा संकेतही असतो : आरंभी रोमन अंक, आणि १९७५ पासून 'एए', 'एबी' अशी अक्षरे. काही उत्पादकांनी आपले नाव नळीखालच्या ठासणदांड्याआड ठेवले आहे. तेथील धातू खोलगट किंवा अकारण गुळगुळीत लागला, तर संशयाला पुरेसे कारण मिळते.

खुद्द कोल्टने १९७१ मध्ये 'नेव्ही' पुन्हा बाजारात आणले, तेव्हा या वर्गीकरणात नवा पेच निर्माण झाला. नाव कोल्टचे, पण आरंभीच्या नगांचे काही भाग इटलीतून आलेले. संग्राहकांनी त्यांना 'दुसरी पिढी' म्हटले. या नावात 'मूळ' हा दावा नाही आणि 'प्रतिकृती' हा कमीपणाही नाही. आता या पिढीचे, तसेच फॉर्जेट यांच्या आरंभीच्या आयातीचे न वापरलेले नग मूळ खोक्यासह स्वतंत्रपणे जमवले जातात. लबाड विक्रेता जो शिक्का कानशीने घासून टाकतो, तोच शिक्का हे संग्राहक भिंगाखाली वाचतात आणि त्याच्या स्पष्टतेवर किंमत ठरवतात.