सिनेमातला रोबोट घरी बनवायचाय? मग रंगाच्या आधीचं काम समजून घ्या

रजनीकांतचा चिट्टी आठवतोय ना? २०१० साली आलेल्या ‘रोबोट’ सिनेमाने अनेकांना वेड लावलं. त्यातूनच प्रेरणा घेऊन मुंबईत आयआयटीच्या आवारातल्या केंद्रीय विद्यालयातले संगणक शिक्षक दिनेश पटेल यांनी ‘शालू’ नावाची बोलणारी रोबोट बनवली. २०२१ मध्ये तिच्या बातम्या देशभर झळकल्या. प्लास्टिक, पुठ्ठा, लाकूड, अ‍ॅल्युमिनियम असं साधं सामान, तीन वर्षांची मेहनत आणि सुमारे ५० हजार रुपये खर्च!

रोबोटला बोलतं करायचं काम कॉम्प्युटरवर होतं. पण तो हुबेहूब पडद्यावरच्यासारखा दिसायला हवा असेल, तर गाडी लेथ मशीन आणि स्प्रे गनपाशी येते. बरेचदा काम फसतं तेही इथेच. बेअरिंग जागेवर बसत नाही, महिन्याभरात रंगाचे पोपडे निघतात. असं का होतं?

हौशी लोकांना हे जमतं का?

जमतं. ‘स्टार वॉर्स’मधला गोल डोक्याचा, निळा-पांढरा आर-टू डी-टू घरी बनवणाऱ्यांचा क्लब १९९९ पासून आहे. कुणी प्लास्टिकच्या शीट वापरतं, कुणी लाकूड, कुणी अ‍ॅल्युमिनियम. यातल्याच ली टाउअर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोन ब्रिटिश हौशी कारागिरांना पुढे ‘द फोर्स अवेकन्स’ या २०१५ च्या सिनेमासाठी खरा आर-टू बनवायचं काम मिळालं.

वाशिमसारख्या ठिकाणी हे काम कोण करून देईल?

त्यासाठी फिल्म स्टुडिओ लागत नाही. थ्रेशर आणि ट्रॅक्टरची दुरुस्ती करणाऱ्या वर्कशॉपमध्ये लेथ असतो, आयटीआयमध्ये टर्नर-फिटर तयार होतात आणि गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडे कॉम्प्रेसर असतो. फक्त कागदावर माप मिलिमीटरमध्ये लिहून न्या. वर्कशॉपमध्ये अजूनही ‘सूत’ चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. त्याला तोंडी ‘तीन मिलिमीटर’ म्हटलं की फरक तिथेच पडतो.

पार्ट बसत का नाही?

कारण रंगालाही जाडी असते. प्रायमर, रंग आणि वरचा लॅकर मिळून सुमारे ०.१ मिलिमीटरचा थर होतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ६२०४ नंबरच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर असतो. त्याच्या मापाच्या भोकात चारी बाजूंनी रंग गेला, तर भोक ४६.८ मिलिमीटर उरतं आणि बेअरिंग आत जात नाही. मग हातोडी चालते आणि रंगासकट पार्टही जातो.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी सगळं मशीनिंग आणि भोकं, मग रंगाशिवाय एकदा पूर्ण जुळणी, मग पुन्हा सगळं सुटं करून रंग. बेअरिंगची जागा, आटे आणि घासून फिरणारे भाग टेपने झाकायला विसरू नका. तिथे ग्रीस फासून भागणार नाही. ते आजूबाजूला पसरलं तर तिथलाही रंग धरत नाही.

अ‍ॅल्युमिनियमवरचा रंग का निघतो?

हवा लागताच अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साईडचा पातळ, गुळगुळीत थर चढतो. त्यात लेथवरचं कटिंग ऑइल लागलेलं असतं. रंग धरणार कशाला? म्हणून आधी थिनरने तेल काढा, मग पॉलिश पेपरने ओरखडे पाडा, पुन्हा पुसा आणि लगेच अ‍ॅल्युमिनियमसाठीचा एच प्रायमर मारा. हा प्रायमर धातूला किंचित खातो आणि तिथेच घट्ट बसतो. लोखंडाची गोष्ट वेगळी. तिथे शत्रू गंज असतो, म्हणून तेल पुसल्यावर पार्ट रात्रभर तसाच ठेवू नका.

चंदेरी रंगात पृष्ठभागाचा प्रत्येक दोष उठून दिसतो. पांढऱ्यात लपलेला ओरखडा चंदेरीत लांबूनही कळतो. पुट्टी घासून सपाट करायला रंग मारण्यापेक्षा जास्त वेळ लागतो तो यामुळेच.

कोणत्या दिवसांत रंगवावं?

वाशिममध्ये मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा रंगाचे थेंब पार्टवर पोचण्याआधीच सुकायला लागतात आणि हाताला खरखर लागते. पावसाळ्यात उलटं होतं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर जमते आणि लॅकर पांढुरका दिसतो. उन्हाळ्यात पहाटे काम करा आणि सावकाश उडणारा थिनर घ्या. पावसाळ्यात कोरड्या दिवसाची वाट पाहा.

रुमाल बांधला की झालं?

नाही! हार्डनर मिसळून वापरायच्या पीयू रंगांत आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती श्वासातून गेली तर कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा साधा मास्क ही वाफ अडवत नाही. त्यासाठी योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा दोन्ही हवं. ते शक्य नसेल तर हा रंग घरी मारूच नका, सोय असलेल्या पेंटरकडे द्या. दुसरी गोष्ट, लोखंडासाठीच्या ग्राइंडिंग दगडावर अ‍ॅल्युमिनियम घासू नका. दगड भरतो, तापतो आणि फुटूही शकतो.

सगळा रोबोट रंगवण्याआधी त्याच पत्र्याच्या एका तुकड्यावर पूर्ण प्रक्रिया करून बघा. आठवडाभराने ब्लेडने त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारून चौकटी पाडा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटी पत्र्यावरच राहिल्या तर बिनधास्त पुढे जा. पट्टीसोबत निघून आल्या, तर पुन्हा तेल काढण्यापासून सुरुवात करा.